बहिणीची जोडसायकल

माझी धाकटी बहीण आणि तिचा फ्रेंच नवरा त्या वर्षी पोंगल झाल्यावर तंजावूरला आले, तेव्हा कपड्यांची बॅग एकच होती आणि बाकी सगळी खोकी. खोक्यांत एक सायकल होती, सुटी केलेली. त्याने आमच्या हॉलमध्ये जुनी चादर पसरली आणि ती जोडायला घेतली. जोडत गेला तशी ती लांबतच गेली. दोन सीट, दोन हँडल, पेडलच्या दोन जोड्या, आणि चाकं मात्र दोनच. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

"ही दारातून बाहेर कशी काढणार?" तिने विचारलं.

"निघेल, वैनी," बहीण खुर्चीत बसून म्हणाली. "त्यानं तिकडूनच माझ्याकडून दाराचं माप मागून घेतलं होतं."

ते खरं होतं. मला तिने फोनवर दाराची रुंदी मोजायला लावली होती आणि मला वाटलं होतं, चाकाच्या खुर्चीसाठी विचारतेय. विचारायचं धाडस झालं नव्हतं. मी मुकाट्याने टेप आणून दार मोजलं होतं.

तिला स्नायूंचा आजार झाला होता. पायांपासून सुरू होतो आणि हळूहळू वर सरकतो. औषध नाही, असं तिकडच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. तंजावूरला आली तेव्हा खुर्चीतून उठायला तिला कुणाचा तरी खांदा लागायचा. उठल्यावर मात्र धरून धरून चालायची. बोलणं, हसणं, माझ्यावर चिडणं सगळं पूर्वीसारखंच होतं, म्हणून तिच्या पायांकडे नजर गेली की मला दर वेळी नव्याने धक्का बसायचा.

बेत असा होता: तंजावूरहून निघायचं आणि कावेरीच्या काठाकाठाने, गावागावांतून, घाई न करता समुद्रापर्यंत जायचं. पुढच्या सीटवर तो, मागच्या सीटवर ती. तिचे पाय पेडलला पट्ट्यांनी बांधायचे. जोडसायकलची पेडलं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे तो मारेल तसे तिचेही पाय फिरतील. मी माझी साधी सायकल घेऊन सोबत जायचं. माझं काम एकच, तो तिला उतरवताना सायकल धरून उभं राहायचं.

मी इथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. घरात आम्ही जी मराठी बोलतो ती जुन्या नाटकातली वाटते, हे मला पुण्यात शिकायला गेल्यावर कळलं. बहीण तर पुण्यालाही गेली नाही. पाँडिचेरीला फ्रेंच शिकली, नोकरीसाठी फ्रान्सला गेली, तिथेच लग्न केलं. दक्षिणेकडच्या एका लहान गावात राहते, तार्न नावाच्या नदीच्या खोऱ्यात. भांडताना अजून आमचीच मराठी बोलते. तिचा नवरा गावच्या शाळेत सुतारकाम शिकवतो. त्याला मराठीतले मोजके शब्द येतात आणि मला तो "आन्ना" म्हणतो, कारण ती मला अण्णा म्हणते.

आजाराच्या आधी मी एकदा त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी मला सायकलवर सात-आठ गावं फिरवली. नदी खोल दरीतून वाहते, दोन्ही बाजूंना पिवळट कडे, मध्येच द्राक्षांचे मळे, आणि दुपारी गावात गेलं की सगळी दुकानं बंद. माणसं जेवून झोपलेली. चौकात एखादा नळ सतत वाहत असायचा, तिथे आम्ही बाटल्या भरायचो. चढ आला की मी उतरून सायकल ढकलायचो. बहीण वर जाऊन एखाद्या झाडाखाली बसलेली असायची. "अण्णा, कावेरीकाठची माणसं तुम्ही, तुम्हांस चढ कोठला ठाऊक!" असं वरून ओरडायची. तेव्हा तिच्या पिंढऱ्या मुलांसारख्या टणक झाल्या होत्या. मी आमच्या आईला फोटो पाठवले तर आई म्हणाली, पोरगी काळी पडली.

आम्ही सकाळी धुक्यात निघालो. शेजारपाजारची माणसं बाहेर आली होती. माझ्या बायकोने चिंचेच्या भाताचा डबा माझ्या कॅरिअरला बांधला आणि बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवून पटकन आत गेली.

बसचा मोठा रस्ता सोडून आम्ही आतल्या रस्त्याने गेलो. सांबा भाताची, म्हणजे थंडीतल्या मोठ्या पिकाची, कापणी सुरू होती. निम्म्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं, म्हणून त्याच्या कडेकडेने जावं लागायचं. डावीकडे कालवा, नारळ, पलीकडे कापलेलं शेत आणि त्यात बगळे. नदीला पाणी होतं. ती जोडसायकल दिसली की लोक काम टाकून रस्त्यावर यायचे. एका शाळेसमोर मुलींचा घोळका धावत आमच्या मागे आला. "अक्का, तुम्ही मागे बसून नुसत्या ऐश करताय!" एक जण ओरडली. बहीण तमिळमध्ये ओरडली, "मग काय! नवरा कशाला केलाय?" मुली खिदळल्या. तिचा नवरा काय झालं ते न कळून हसला.

मी मागून येत होतो. मला तिची पाठ दिसत होती आणि पाय दिसत होते. ते अगदी तालात फिरत होते. लांबून कुणाला वाटलं असतं की ती जोरात पेडल मारतेय.

पापनाशमला आम्ही एका लॉजमध्ये उतरलो. संध्याकाळी ती खोलीत पडली होती. मी आणि तो खाली चहा प्यायला गेलो. आम्ही दोघे इंग्रजीत बोलतो, त्याचं आणि माझं दोघांचंही बेताचंच. त्याने चहाचा पेला बाकावर ठेवला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून तो उगाच मागे वाकला.

"आन्ना, माझी पाठ गेलीय," तो म्हणाला. "घरी तिला उचलतो, अंघोळ घालतो, रात्री कुशीवर वळवतो. डॉक्टर म्हणाला, सायकल बंद कर. पण ती वर्षभर या एका गोष्टीची वाट बघते. मी कसं सांगू?"

"मग सांगू नकोस," असं मी काही तरी बोललो. दुकानदाराने विचारलं, साहेबांना अजून चहा हवा का. मी दोन चहा सांगितले.

दुसऱ्या दिवशी पापनाशमच्या पुढे, कालव्याच्या बांधावरून जाणाऱ्या रस्त्यावर, एकदम कट् असा आवाज आला. मग पेडलं नुसतीच फिरायला लागली. तो मारतोय, तिचे पाय गरगर फिरतायत आणि सायकल मात्र रेंगाळत रेंगाळत थांबली. त्याने पाय टेकवला. मी धावत जाऊन मागचं हँडल धरलं.

"काय झालं?" बहिणीने विचारलं.

तो खाली वाकून मागच्या चाकाशी बसला. पेडल हाताने फिरवलं. साखळी फिरत होती, चाक ढिम्म. चाकाच्या मधल्या भागात खटके असतात, ते दात्यांत अडकले की चाक ओढलं जातं. ते खटके तुटले होते. हे सगळं मी फळ्यावर आकृती काढून मुलांना समजावून सांगू शकलो असतो. रस्त्यावर उभं राहून त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

जवळच्या फाट्यावर पंक्चर काढणाऱ्याचं एक दुकान होतं. तो माणूस आला, त्याने चाक फिरवून बघितलं, कान लावला आणि मान हलवली. त्याच्याकडे साध्या सायकलचं फ्रीव्हील होतं, ते लावूनही बघितलं. बसत नव्हतं. "हे आमच्याकडचं नव्हे, अय्या," तो मला आदराने म्हणाला. तिच्या नवऱ्याने फोनवर कुठे कुठे चौकशी केली. मी कुंभकोणम आणि त्रिची दोन्हीकडच्या मोठ्या दुकानांत विचारलं. तो भाग आपल्याकडे मिळत नाही, बाहेरून मागवावा लागेल, असंच सगळे म्हणाले.

"गाडी बोलावतो," मी म्हणालो.

"नको." बहिणीचा आवाज चढला. "मला गाडी नको. ढकला. कुंभकोणमपर्यंत ढकला."

"अगं, एवढं लांब?"

"मग पुढल्या गावापर्यंत ढकला. पण मला गाडीत घालू नका आत्ताच."

तिचा नवरा माझ्याकडे बघत होता. मी त्याला इंग्रजीत सांगितलं. तो एका बाजूला उभा राहिला, मी दुसऱ्या बाजूला, माझी सायकल दुकानात ठेवली आणि आम्ही ढकलायला लागलो. ती मागच्या सीटवर ताठ बसलेली. देवाची मिरवणूक निघावी तसं ते दिसत असणार, कारण शेतातल्या बायका हसत होत्या आणि एक म्हातारा हात जोडून मोकळा झाला. ऊन वाढत होतं. तिच्या नवऱ्याचा चेहरा लाल झाला होता आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच्या तोंडून हुंकार निघायचा. मी दोनदा म्हणालो, थोडं थांबू या. त्याने ऐकलं नाही.

थोड्या वेळाने बहीण हळूच म्हणाली, "अण्णा."

"काय गं?"

"थांब. मला जायचंय."

मला आधी कळलं नाही. मग तिच्या तोंडाकडे बघितल्यावर कळलं. रस्त्याच्या एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला उघडं शेत. तिचा नवरा रोज तिला घरी न्हाणीघरात नेतो, त्याला तिथली प्रत्येक कडी माहीत असते. इथे तो गोंधळून इकडेतिकडे बघायला लागला. पुढे झाडांआड एक घर दिसत होतं. आम्ही तिला घेऊन जवळजवळ पळत निघालो.

अंगणात गवताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. एक पन्नाशीची बाई सुपात भात पाखडत होती. मी तमिळमध्ये तिला सांगायला लागलो. माझी बहीण आहे, तिला चालता येत नाही, तिला जरा आत… माझं वाक्य अडखळलं. बाईने सूप खाली ठेवलं. सायकलवर बांधलेले पाय बघितले आणि आत वळून हाक मारली. सून आली.

बहिणीच्या नवऱ्याने पट्ट्या सोडल्या आणि सवयीप्रमाणे तिला उचलायला वाकला. बाईने त्याला हाताने बाजूला केलं.

"पुरुष कशाला आत? तुम्ही बसा बाहेर. आम्ही आहोत की."

"काय म्हणतायत?" त्याने मला विचारलं.

"तू बस म्हणतायत."

"पण त्यांना जमणार नाही. तिचा उजवा गुडघा…"

तोपर्यंत त्या दोघींनी बहिणीच्या काखेत हात घालून तिला उभं केलं होतं. सून दणकट होती. बहीण त्यांना तमिळमध्ये काही तरी सांगत होती. दाराच्या आत गेल्यावर तिचं हसणं ऐकू आलं, मग दार लागलं.

आम्ही दोघे ओट्यावर बसलो. मला वाटलं, तो आता काही बोलेल. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याने भिंतीला डोकं टेकवलं होतं आणि डोळे मिटले होते. बघता बघता तो झोपला. तोंड उघडं, हात मांडीवर उताणे. एखाद्या मजुरासारखा झोपला होता. मी त्याला इतक्या वर्षांत झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. तो केव्हाही जागाच असायचा, कुणाला काय हवं ते बघत.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. बाईने बहिणीचं तोंड धुतलं होतं, केस नीट बांधले होते, वर सुनेने तिला अबोलीचा गजरासुद्धा माळला होता. त्यांनी तिला माझ्या शेजारी ओट्यावर बसवलं आणि ताक आणायला आत गेल्या. बहिणीने नवऱ्याकडे बघितलं. मी त्याला उठवायला हात पुढे केला.

"नको," ती म्हणाली. "निजू दे."

आम्ही हळू आवाजात बोलत होतो. आमच्या मराठीत, म्हणजे तो जागा असता तरी त्याला फारसं कळलं नसतं.

"अण्णा, मला हे नको होतं," ती म्हणाली. "समुद्र बिमुद्र काही नको होतं. मला वैनीजवळ बैसायचं होतं, डोळे मिटून घराचे आवाज ऐकायचे होते. पण तो नकाशे काढून बसला. त्याला दुसरं काय उरलंय?"

मला आदल्या संध्याकाळचं त्याचं बोलणं आठवलं. सांगावं की नाही, या विचारात मी ताकाच्या पेल्याची वाट बघत बसलो. मग राहवलं नाही.

"त्याची पाठ गेलीय," मी म्हणालो. "डॉक्टरने बंद कर म्हणून सांगितलंय. तो तुझ्यासाठी करतोय. तुला आवडतं म्हणून."

मला वाटलं, ती दचकेल. रडेल. माझ्यामुळे काही तरी सुटेल, त्या दोघांमधली एक गाठ तरी मोकळी होईल. माझ्याकडे द्यायला तेवढंच होतं.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे?"

"मी शेजारी निजते, अण्णा. तो वळताना कण्हतो, ते मला ऐकू येत नाही का? आणि मला नको आहे, हे त्यालाही माहीत आहे. असेलच. तो मूर्ख नव्हे."

"मग कशाला करताय?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच लहान होतो.

"सायकल बंद केली की सकाळी उठून काय करायचं, सांग. तो मला उचलणार, मी उचलून घेणार. तेवढंच. सायकलवर निदान कुठे तरी जात असतो."

अंगणात एक कोंबडी गवतात पाय मारत होती. आतून भांड्यांचा आवाज येत होता. माझी बहीण, जिला मी पहिल्यांदा सायकल शिकवली, सीट धरून मोठ्या देवळाच्या मागच्या रस्त्यावर धावत, ती माझ्या शेजारी बसून तिच्या झोपलेल्या नवऱ्याच्या शर्टावरचं गवताचं पातं काढायला हात लांबवत होती. हात तिथपर्यंत पोचेना. मी ते काढलं.

बाईने ताक आणलं. चिंचेचा भात आम्ही तिथेच खाल्ला, त्या दोघींनाही दिला. बाईने चव घेऊन विचारलं, हा तुमच्या मराठी लोकांचा का? आणि मग फोडणीत काय घातलंय त्यावर ती आणि बहीण खूप वेळ बोलत बसल्या. तो जागा झाला तेव्हा दोघींचं बोलणं चालूच होतं. तो घाबरून उभा राहिला, आपण झोपलो याची त्याला लाज वाटली. "सॉरी, सॉरी," म्हणत राहिला. बहीण त्याला फ्रेंचमध्ये काही तरी म्हणाली, मग मराठीत एकच शब्द: "बैस." तो बसला.

शेवटी बाईच्या दिराची छोटी मालवाहू गाडी आली. इकडे तिला सगळे कुट्टी यानै म्हणतात, म्हणजे हत्तीचं पिल्लू. बहीण पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. आता तिने गाडीला नाही म्हटलं नाही. आम्ही दोघे मागे, सायकल मांड्यांवर आडवी धरून. तंजावूरला परत जाताना वाटेत माझी सायकल दुकानातून उचलली. रस्त्यावर वाळत घातलेल्या भातावरून गाडी हळू जात होती. तो सायकलच्या मागच्या चाकाचा कणा बोटाने चाचपत होता, मधूनच थांबून मागे पडत जाणाऱ्या नदीकडे बघत होता.

"दोन आठवड्यांत भाग मागवता येईल," तो म्हणाला. "पण आमची तिकिटं त्याआधीची आहेत."

"पुढच्या वर्षी," मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून गेल्यावर मला स्वतःचाच राग आला. तो "हो, हो," म्हणाला, मी नाराज होऊ नये म्हणून.

उरलेले दिवस बहीण आमच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली. बायको काम करायची, ती बघायची, मध्येच शेंगा सोलायला मागायची आणि निम्म्या सोलून थकायची. त्याने हॉलमध्ये पुन्हा ती चादर पसरली आणि सायकल सुटी करून खोक्यांत भरली. मी स्क्रू एका वाटीत धरून बसलो होतो. विमानतळावर ती रडली नाही. मी रडलो, आणि तिने चाकाच्या खुर्चीतून माझा हात थोपटला.

त्यानंतर तिच्या हातांचीही ताकद गेली. आता तिच्या नवऱ्याने दुसरी सायकल घेतलीय, पुढे टोपलीसारखी खुर्ची असलेली, मोटर बसवलेली. मोटर असल्यामुळे पाठीला जरा बरं पडतं, असं तो म्हणतो. तो फोटो पाठवतो. तिच्या अंगावर घोंगडी, डोक्यावर टोपी, मागे कडे आणि खाली नदी.

मी रविवारी फोन करतो. तिचं बोलणं आता संथ झालंय, प्रत्येक शब्दापुढे थांबावं लागतं. मागच्या रविवारी विचारलं, कुठे गेला होतात.

"चढावर," ती म्हणाली. "बॅटरी संपली. तो दमला."

"मग?"

"मग काय. बैसलो. खूप वेळ."

तिकडे मागे तो भांडी घासत असावा, नळाचा आवाज येत होता. मला वाटलं, ती थकली असेल, म्हणून म्हणालो, "ठेवू का मग?"

"नको ठेवू," ती म्हणाली. "काही बोलू पण नको. तसाच बैस."

मी फोन कानाला लावून बसून राहिलो.